तबकडीची मागची बाजू

"बाई, ऐकलं का?"

"ऐकायचं काय राहिलंय काकी? पहाटे पाचपासून अख्खी आळी ऐकतेय."

वालाच्या शेंगांचं सूप कमरेवर धरून काकी कुंपणापाशी आल्या आणि तोंडाला पदर लावला. त्यांच्या घरची बातमी त्यांनीच फोडायची, असा आमच्या आळीचा दंडक आहे. दुसऱ्या कुणी आधी सांगितली तर त्या ती खोटी पाडतात.

"लेकानं ह्यांना डबा आणलाय. ठान्यावरनं. दिसतो जुन्या रेडिओसारखा, पन आत नुसती गानी भरलेली. पाच हजार! मी म्हनलं, पाच हजार गानी एका मानसाला कशाला? जत्रंत हजारांनी बैल उभं असतात, म्हनून कोन हजार बैल घेतो का?"

डबा मी ओळखला. सारेगामा कंपनीने २०१७ साली 'कारवां' नावाने काढला तो. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही, कर्ण्यापुढे कुत्रा बसलेल्या चित्राची. नोकरीधंद्यासाठी लांब गेलेल्या मुलांनी आईबापांना द्यावा असाच तो घडवलेला आहे. बटणं मोठी, इंटरनेटची भानगड नाही, चकती फिरवली की गायक बदलतो. किशोरकुमारचा खण वेगळा, रफींचा वेगळा, मुकेशचा वेगळा. मराठी गाण्यांचाही एक डबा निघाला. पण काकींचा लेक हिंदी घेऊन आला आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला, ही बातमी मला त्यांच्या सुनेकडून आधीच पोचली होती. ती मी दाबून ठेवली.

"आनि लावतात तरी कुनाला! तो मानूस गातो का रडतो तेच कळत नाय. आवाज सारखा थरथरतो. मी म्हनलं, त्याला घोंगडी द्या कुनीतरी."

"तलत महमूद असणार."

"असंल. पहाटे पाचला कुनी असं रडतं का?"

तलतच्या त्या थरथरीवर त्याच्या उमेदीतसुद्धा लोक बोलायचे. मुंबईत आला तेव्हा तोही बिचकला होता आणि आवाज घट्ट धरून गायला लागला होता. संगीतकार अनिल विश्वास यांनी त्याला अडवलं. मला तुझा तो कंपच हवाय, तो घरी ठेवून येणार असशील तर येऊ नकोस, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. १९५० सालच्या 'आरजू'ची ही गोष्ट. हे मी काकींना सांगितलं. त्यांनी एक शेंग सोलली, दाणा सुपात टाकला आणि विचारलं, "घरचा कुठला तो?"

"लखनौचा. पण आधी कलकत्त्याला होता. तिथे बंगाली गाणी गायचा, तपनकुमार या नावानं."

काकींचा हात थांबला. "नाव बदलून? का बरं? काय केलं व्हतं त्यानं?"

"काही नाही हो. बंगाली रेकॉर्डवर बंगाली नाव बरं दिसतं म्हणून."

"असं कसं? काहीतरी असनारच."

नाव बदलण्यात काकींना नेहमीच पोलीस दिसतात. मग मीही चेकाळले. म्हटलं, आपले अरुण दाते खरे अरविंद. सी. रामचंद्र चाल लावताना सी. रामचंद्र, गायला उभे राहिले की चितळकर, माणूस एकच. आणि पी. सावळाराम? ते निवृत्ती रावजी पाटील.

"म्हंजे ही सगळी खोटी मानसं?"

"सावळाराम तरी नव्हे," ओटीवरून आवाज आला. नाना, म्हणजे काकींचे 'हे', बाहेर आले होते. त्यांच्यासमोर सावळारामांबद्दल वाकडं बोलायची सोय नाही. "ठाण्याचे नगराध्यक्ष होते ते. गाणी लिहिणारा माणूस नगराध्यक्ष! आपल्या जिल्ह्याचं पुण्य. पोरगी सासरी निघाली की जे गाणं वाजायचं, ते त्यांचंच. चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा. शंभर लग्नांत मी स्वतः लावलंय. सुई ठेवली की मांडवातल्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांना पदर. एकदा चुकून जेवणाच्या पंगतीत लागलं, तर वाढणारी बाई रडत आत गेली आणि भात राहिला."

नाना चौदा-पंधरा वर्षांचे असताना भोंगेवाल्याच्या हाताखाली होते, हे मला नव्याने कळत नव्हतं. पण कुंपणापलीकडच्या माणसाची गोष्ट दर खेपेला थोडी वाढते, म्हणून ऐकावी. तेव्हा आमच्या बाजूला वीज नव्हती. भोंगेवाला बैलगाडीतून यायचा. एक कर्णा, बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर, चावीचं यंत्र आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी. कर्णा आंब्यावर बांधायचा म्हणजे पलीकडच्या पाड्यालाही लग्न कळतं. नानांचं काम चावी भरायची, सुई बदलायची आणि रेकॉर्डवर ऊन येऊ द्यायचं नाही. त्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या. झाडावरच्या किड्यापासून मिळते ती लाख. उन्हात ठेवली की वाकते, पडली की फुटते.

"तुमचा तलत वाजायचा का मांडवात?" मी विचारलं.

"छ्या! एकदा लावला. मालकानं विचारलं, मशीन बिघडलं काय?"

हे उत्तर माझ्या डोक्यात रुतून बसलं, कारण त्यात एक नेमकी गोष्ट आहे. बालगंधर्वांच्या काळात गायकाला नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत गळ्याने पोचावं लागे. मायक्रोफोन आला आणि कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. अमेरिकेत बिंग क्रॉसबीने ते केलं, मागून फ्रँक सिनात्राने केलं. आपल्याकडे सैगल, पंकज मलिक, तलत, हेमंतकुमार यांनी. मराठीत आमचे भावगीतवाले. या सगळ्यांचा आवाज खोलीतला आहे. झाडावर बांधलेल्या पत्र्याच्या कर्ण्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, राहतो तो वरचा कर्कश भाग. म्हणजे ज्या गायकांनी मायक्रोफोनमुळे नाव काढलं, त्यांना भोंग्याने मारलं. खेड्यात त्यांची गाठ पडली ती रेडिओवर, दिवे मालवल्यावर.

"ग्रामपंचायतीत रेडिओ होता," नाना म्हणाले. "त्यावर बातम्या, शेतीचं, कीर्तन. सरपंच कीर्तनाचे. आम्ही पोरं बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावायला टपलेलो."

"सरकारनंच गाणी बंद केली होती ना मधे?"

"केली होती. आणि करणारा आपलाच माणूस!"

बा. वि. केसकर. नभोवाणीमंत्री. १९५२ साली त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली आणि अख्खा देश कोलंबोकडे कान लावून बसला. अमीन सयानींची गीतमाला त्याच वर्षी डिसेंबरात तिथे सुरू झाली. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सरकारने माघार घेतली. पण केसकरांना सगळ्या शिव्या द्यायला माझं मन धजत नाही. सिनेमा नको म्हटल्यावर रेडिओला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि त्या काळात आकाशवाणीच्या केंद्रांवर भावगीतांना आणि सुगम संगीताला जी जागा मिळाली, ती एरवी मिळाली असती का, मला शंका आहे.

"ते जाऊ द्या," नाना म्हणाले. त्यांना त्यांच्या डब्याबद्दल बोलायचं होतं. "पोरानं आणलाय, वाईट म्हणू नये. पण ह्यात मागची बाजू नाही."

"कसली बाजू?" काकी म्हणाल्या. "मागं बॅटरी हाय की."

"अगं, रेकॉर्डीची! रेकॉर्डीला दोन बाजू. एका बाजूला साडेतीन मिनिटं. लोक पुढच्या बाजूसाठी पैसे टाकायचे, मागची फुकट यायची. मांडवात माणसं जमली की पुढची बाजू. वऱ्हाडी जेवून सुस्तावले, भोंगेवाला स्वतः आडवा झाला, की मी रेकॉर्ड उलटायचो. पुढची बाजू लोकांची, मागची माझी. कुणी ऐकत नसायचं, म्हणून मला वाटायचं की ती मंडळी माझ्यासाठीच गातायत. आता ह्या डब्यात बघतो तर एकही सापडत नाही. सगळे हिट. सगळी पुढची बाजू."

नाना शहाडच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला होता. तो काकींच्या मंगळसूत्राच्या आधी घेतला, हे काकी आजही वर्षातून एकदा काढतात. तेव्हा मोठ्या एलपी निघाल्या होत्या, पण त्यांची किंमत पगाराला झेपत नसे. चार गाण्यांची छोटी तबकडी परवडायची. एलपीतही पुढे हळूहळू नुसती पुढची बाजूच उरली. 'निवडक', 'सदाबहार', 'अविस्मरणीय' अशा नावांनी नव्या वेष्टनात तीच गाणी.

हा उद्योग मूळचा अमेरिकेतला. १९५८ साली कोलंबिया कंपनीला जॉनी मॅथिस या तरुण गायकाची नवी रेकॉर्ड हवी होती आणि तो होता दौऱ्यावर. तेव्हा त्याची गाजलेली सुटी गाणी एकत्र करून एक एलपी काढली, नाव ठेवलं 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'. नवं एकही कष्टाचं काम नाही. ती एलपी तिथल्या खपाच्या यादीत ४९० आठवडे होती.

"म्हंजे किती?" काकी.

"नऊ वर्षांहून जास्त."

"एकच रेकॉर्ड नऊ वर्सं इकली? आनि आमच्या ह्यांना वालाचा भाव नाय मिळत दोन दिवस टिकवून."

तेव्हापासून जगातल्या सगळ्या कंपन्यांना समजलं की जुनं धान्य नव्या पोत्यात भरून विकता येतं, आणि पोतं बदलायला गायक लागतही नाही. तो मेलेला असला तरी चालतं. मुकेश १९७६ साली अमेरिकेच्या दौऱ्यात डेट्रॉइटला गेले; त्यांच्या निवडक गाण्यांचे संग्रह अजून निघतात. मला याचा राग येत नाही. नव्या पोराला मुकेश कळायचा तर कुठूनतरी दार हवंच. राग येतो तो याचा, की निवड करणारा माणूस दरवेळी मागच्या निवडीची यादीच समोर घेऊन बसतो. अरुण दात्यांचं घ्या. इंदूरचे, शिकले कापडाच्या गिरणीचं तंत्र, नोकरीही त्याच धंद्यात. 'शुक्रतारा' एवढं गाजलं की त्यांच्या कार्यक्रमाचंही तेच नाव पडलं आणि ते कार्यक्रम हजारांनी झाले. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, सुधा मल्होत्रांची साथ. गाणं सुरेखच आहे. पण पुढे प्रत्येक संग्रहात पहिलं तेच, आणि त्यामागून येणारी आठ-दहासुद्धा तीच. या माणसाने आयुष्यभर एवढंच गायलं असं एखाद्याला वाटावं. गजाननराव वाटव्यांची तर याहून गंमत. ऐन भरात होते तेव्हा पुण्याच्या गणेशोत्सवात त्यांचं गाणं ऐकायला रस्ते भरून माणसं बसायची. आज त्यांचा संग्रह मागितला तर बहुतेक ठिकाणी तीच चार-पाच गाणी पुढे येतात. रस्ते काही चार-पाच गाण्यांवर भरत नसतात.

"बाई, जत्रंतली कॅशेट सांगा त्यांची," काकींनी डोळा मारला. "सांगा की वो!"

नाना गुरगुरले. ही गोष्ट त्यांना आवडत नाही, म्हणून ती आळीत सगळ्यांना पाठ आहे. म्हसोबाची जत्रा, म्हणजे आमच्या खांबलिंगेश्वराची. पौष पौर्णिमेला सुरू होते. बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, तमाशे. कॅसेटच्या काळात तिथे घोंगडीवाल्यांच्या रांगेशेजारी कॅसेटवाले बसायचे. नानांनी एकदा रफींची कॅसेट घेतली. 'सुपरहिट'. वर रफींचा हसरा फोटो. घरी येऊन लावली तर गाणी रफींची आणि गळा भलत्याचाच. वेष्टन उलटून पाहिलं तर खाली मुंगीएवढ्या अक्षरात कुणा दुसऱ्याचं नाव. नाना तसेच उलटपावली जत्रेत गेले.

"आनि तिथं त्यो पोऱ्या म्हनतो, काका, फोटो तर खरा हाय ना!" काकींना हसून ठसका लागला. सुपातले चार दाणे माझ्या बाजूला पडले.

फसवणूक म्हणावी तर तीही पुरती नव्हती. कॉपीराइटच्या तेव्हाच्या कायद्यात सोय होती. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की ठरलेले पैसे भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येई. मूळ आवाज एका कंपनीच्या मालकीचा, तेव्हा दुसऱ्या कंपनीने काय करायचं? नवा गळा शोधायचा. कॅसेट स्वस्त पडायची आणि जत्रेत ती धडाधड खपायची. त्यातले काही गळे पुढे स्वतःच्या नावाने मोठे झाले.

"मूळ गायकानंच पुन्हा गायलं तर?" नानांनी विचारलं. "ते खरं का खोटं?"

हा प्रश्न सिनात्राने सोडवून ठेवला आहे. जुनी कंपनी सोडून त्याने १९६० साली स्वतःची काढली. गाजलेली गाणी मात्र जुनीकडेच राहिली. तेव्हा १९६३ साली तो आपली तीच गाणी पुन्हा गायला आणि स्वतःच्या कंपनीच्या नावावर विकली. ऐकणाऱ्यांत तेव्हापासून दोन तट आहेत. मी जुन्यांच्या बाजूची.

"आपल्या गीतरामायणाचंही तसंच की," मी म्हटलं, आणि नाना पायरीवर बसले. गीतरामायण म्हटलं की ते उभे राहून बोलत नाहीत.

१ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं. दर आठवड्याला एक. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्न न होता छप्पन्न गाणी झाली. हे सगळं नानांना पाठ. पण त्या मूळ प्रक्षेपणात बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, एकटे नव्हते. सीतेची गाणी माणिक वर्मांच्या गळ्यात होती. ललिता फडके होत्या, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर होते. ज्याची भूमिका त्याचा आवाज. पुढे ज्या रेकॉर्डी निघाल्या आणि घरोघर पोचल्या, त्यांत छप्पन्नच्या छप्पन्न गाणी बाबूजींच्या आवाजात. आज आपल्या कानातलं गीतरामायण ते हेच. राम बाबूजी, सीता बाबूजी, कौसल्याही बाबूजी.

"म्हणजे माणिकबाईंची सीता मागच्या बाजूला गेली," नाना म्हणाले.

मला हे सुचलं नव्हतं, कबूल करते. बाबूजींच्या गायनाला नाव ठेवायची माझी प्राज्ञा नाही. एकेक शब्द धुऊन पुसून ठेवावा असं ते गातात. पण ज्यांनी १९५५ साली सकाळी चूल पेटवता पेटवता रेडिओ ऐकला, त्यांनी ऐकलेली सीता आणि आपण ऐकतो ती सीता एक नाही.

काकींना रामायणापेक्षा वालाची घाई होती. "आता करायचं काय ते सांगा. मुरबाडला तो मोबाईलवाला पोऱ्या कार्ड भरून देतो. आपन यादी दिली की भरतो. बाई, तुमी लिहा. तुमचं अक्षर बरं."

मी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. यादीवरून दोघांची जुंपली. काकींचा पहिला हक्क प्रल्हाद शिंदे. "कल्यानचा मानूस. घसा फोडून गातो, अर्ध्या आळीला झोप लागत नाय, पन कळतं तरी काय म्हनतो ते. आनि देवाचं म्हनतो." दुसऱ्या नंबरला ते डोलकराचं कोळीगीत. मी म्हटलं, ते गाणारा हेमंतकुमार बंगाली. काकींनी ठाम नकार दिला. कोळ्याशिवाय असं कुणी गाऊच शकत नाही, म्हणाल्या, त्यानेही नाव बदललं असणार, आधी नीट चौकशी करा.

नानांनी एक नाव सांगितलं. मग दुसरं. ही सगळी मागच्या बाजूची. त्यांतल्या काहींची नुसती चाल त्यांच्या लक्षात होती, शब्द नव्हते. त्यांनी ती गुणगुणून दाखवली आणि मोबाईलवाल्याला मी गुणगुणून दाखवावी अशी अपेक्षा केली. मुरबाडच्या नाक्यावर, दुपारी, निवृत्त बाईंनी!

"मिळणार नाहीत हो नाना. त्याच्याकडे हिटच असतात."

"मग पेटी आणतो."

"कसली पेटी?" काकींनी सूप खाली ठेवलं.

"भोंगेवाल्याची. त्याच्या पुतण्याच्या माळ्यावर आहे अजून. परवा बाजारात भेटला, म्हणाला घेऊन जा, नाहीतर भंगारात घालतो. शंभरेक रेकॉर्डी असतील, निम्म्या फुटलेल्या."

"आनि वाजवनार कशावर?"

"यंत्र मिळतं कल्याणला. दुरुस्त करून."

"किती पैसे?"

नाना काही बोलले नाहीत. काकींनी माझ्याकडे पाहिलं, मी यादीकडे पाहिलं.

"त्यांना सांगा बाई," काकी म्हणाल्या, "आमच्या माळ्यावर जागा नाय. तिथं वालाची गोन हाय."

"गोण विकून टाकू."

"भाव येऊ दे की आधी!"

"येऊ दे. तोवर पेटी बाईंच्या ओटीवर राहील. काय बाई?"

"राहील की," मी म्हटलं. "पण नाना, तलत सहाच्या आत नाही हं."

"आनि माजे शिंदे?" काकींनी सूप उचललं. "ते कधीबी चालतील. लिहून ठेवा वर, अंडरलाइन करा."